एका शेताची १८० वर्षं

एखाद्या संशोधन संस्थेचं उत्पन्न कशात मोजायचं? शेताचं क्विंटलमध्ये मोजतात, कापड गिरणीचं मीटरमध्ये मोजत असत. आम्हा कवींचं कुणी मोजत नाही, ते एका परीनं बरंच आहे. संस्थेचं मोजमाप मात्र बहुधा छापलेल्या निबंधांच्या संख्येवरून होतं. वर्षअखेर अहवाल निघतो. जीवशास्त्राचे इतके निबंध, मातीविषयीचे इतके, आरोग्याविषयीचे इतके, असा त्यात हिशेब असतो. बाहेरचा माणूस तो वाचत नाही. पण त्या हिशेबातली एखादी ओळ आपल्या पोळीपर्यंत, मच्छरदाणीपर्यंत, पीकविम्यापर्यंत येऊन पोचलेली असते आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. आज मला अशाच एका संस्थेविषयी सांगायचं आहे.

तिचं नाव रॉथमस्टेड. इंग्लंडात लंडनच्या उत्तरेला हर्टफर्डशायर नावाचा परगणा आहे. तिथल्या हार्पेंडन गावाला लागून ही शेतीसंशोधन संस्था आहे. १८४३ साली सुरू झाली आणि आजही चालू आहे.

मी विज्ञानाचा माणूस नव्हे. बी.ए. झालो तो मराठी वाङ्मय घेऊन. घरात बोली उर्दूची, शाळा मराठीची आणि शाळेबाहेर सगळी वऱ्हाडी, एवढाच माझा भाषांचा अभ्यास. या संस्थेची ओळख झाली ती भाच्यामुळे. तो शेतकी कॉलेजात असताना सुट्टीत आमच्याकडे येई, तेव्हा त्याच्या पिशवीत एक इंग्रजी पुस्तक असे. लेखक, पानसे आणि सुखात्मे. इंग्रजी पुस्तकावर दोन मराठी आडनावं शेजारी शेजारी पाहून मी ते कौतुकानं उघडलं. आत आकडेच आकडे. भाचा हसून म्हणाला, ‘‘मामू, हे राहू द्या. ह्याच्याशिवाय आमच्यात कुणी पास होत नाही.’’ त्या आकड्यांचं मूळ कुठं आहे ते शोधत गेलो, तो रॉथमस्टेडच्या एका शेताच्या बांधावर जाऊन पोचलो.

जॉन बेनेट लॉझ हा तिथला जमीनदार. ऑक्सफर्डला शिकायला गेला आणि पदवी न घेताच परत आला. रसायनांचं वेड होतं. वाड्यातली एक चांगली निजायची खोली त्यानं प्रयोगशाळा करून टाकली. घरच्यांना काय वाटलं असेल त्याची कल्पना तुम्ही करू शकता. त्या काळी शेतात हाडांचा चुरा खत म्हणून टाकत. तो काही जमिनींना मानवे, काहींना अजिबात मानवत नसे. लॉझनं हाडांवर गंधकाचं आम्ल ओतलं, तेव्हा त्यातला स्फुरद पाण्यात विरघळण्याजोगा झाला आणि पिकाला मिळू लागला. १८४२ मध्ये त्यानं याचं पेटंट घेतलं आणि लंडनजवळ डेप्टफर्डला कारखाना काढला. आज कृषी सेवा केंद्रात ज्या पोत्यावर ‘सिंगल सुपर फॉस्फेट’ असं लिहिलेलं असतं, त्याचा हा खापरपणजोबा.

पुढच्याच वर्षी त्यानं जोसेफ हेन्री गिल्बर्ट या तरुण रसायनशास्त्रज्ञाला नोकरीवर ठेवलं. शाळकरी वयात बंदुकीच्या अपघातात गिल्बर्टच्या एका डोळ्याची दृष्टी गेली होती. उरलेल्या एका डोळ्यानं त्यानं जन्मभर तराजूचा काटा पाहिला. लॉझला कल्पना सुचत, गिल्बर्टला नोंदीत खाडाखोड खपत नसे. ही जोडी ५७ वर्षं टिकली. १९०० मध्ये लॉझ वारला तेव्हाच ती फुटली.

या दोघांनी १८४३ च्या शरद ऋतूत ब्रॉडबॉक नावाच्या शेतात गहू पेरला. शेताच्या लांबच लांब पट्ट्या पाडल्या. एका पट्टीला काहीही द्यायचं नाही, ना खत ना शेण. एका पट्टीला फक्त शेणखत. काही पट्ट्यांना स्फुरद, पालाश वगैरे खनिजं. काहींना तीच खनिजं आणि वर नत्राचे निरनिराळे डोस. दर वर्षी गहू, पुन्हा गहू. बदल एवढाच की, पुढच्या काळात शेताच्या काही भागांत अधूनमधून दुसरी पिकंही घेतली. बाकी प्रयोग आजतागायत चालू आहे.

इथं थोडं थांबायला हवं. खत विकणारा माणूस स्वतःच्या पैशानं खताचा प्रयोग लावतो, हे ऐकल्यावर आपल्या मनात पाल चुकचुकते. माझ्याही चुकचुकली. पण प्रयोगाची मांडणी पाहा. त्यात बिनखताची पट्टी आहे, शेणखताचीही आहे. आणि पुष्कळ वर्षं शेणखताच्या पट्टीनं रासायनिक खताच्या चांगल्या पट्टीइतकाच उतारा दिला. लॉझनं तो आकडा लपवला नाही, छापला. पुढं १८८९ मध्ये एक लाख पौंडांचा निधी विश्वस्तांच्या हवाली केला, तो त्याच्या मागं प्रयोग बंद पडू नये म्हणून.

त्या काळचा मोठा जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग म्हणत होता, झाडांना लागणारा नत्र हवेतल्या अमोनियातून मिळतो, शेतकऱ्यानं फक्त खनिजं द्यावीत. गिल्बर्ट हा लीबिगचाच विद्यार्थी. पण ब्रॉडबॉकच्या नुसत्या खनिजांच्या पट्ट्या बिनखताच्या पट्टीपेक्षा फारशा पुढं सरकेनात, आणि नत्र मिळालेल्या पट्ट्या तरारून वर आल्या. गुरुशिष्यांचा हा वाद वर्षानुवर्षं चालला. शेवटी शेतानंच निकाल दिला.

आज सेंद्रिय की रासायनिक, या प्रश्नावर आपल्याकडे पारावर हमरीतुमरी होते. दोन्ही बाजूंना या शेतात आपापल्या सोयीचं काही ना काही सापडेल. शेणखताच्या पट्टीतली माती भुसभुशीत झाली, तिच्यातला सेंद्रिय कर्ब बिनखताच्या पट्टीच्या दुपटीहून अधिक झाला. पण तिला दर वर्षी किती शेणखत घातलं? हेक्टरी ३५ टन. म्हणजे एकरी १४ टन. बैलगाडीत अर्धा टन बसतं असं धरलं तर एकराला २८ गाड्या, दर वर्षी. आपल्या गावात आज कुणाच्या गोठ्यात इतकं शेण आहे? शिवाय त्या पट्टीतून खाली झिरपणाऱ्या पाण्यात नायट्रेट पुष्कळ सापडतं. शेण म्हणजे सगळं निर्मळच, असं नाही. आणि बिनखताची पट्टी? ती अजून एकरी चारेक क्विंटल गहू देते. १८० वर्षं काही न घेता देते आहे. पावसातून, मातीतल्या जिवाणूंकडून जेवढा नत्र मिळेल तेवढ्यावर तिचा प्रपंच चालतो.

झिरपणाऱ्या या पाण्याचा आपल्या देशाशीही एक धागा आहे. १८४९ मध्ये ब्रॉडबॉकच्या पट्ट्यांखाली कौलारू नळ घातले होते. त्यातून येणारं पाणी पुढं ज्यांनी तपासलं, त्यांत ऑगस्टस व्होल्कर हा एक रसायनज्ञ होता. त्याचा मुलगा जॉन ऑगस्टस व्होल्कर १८८९ मध्ये भारतात आला आणि वर्षभराहून अधिक काळ इथली शेती पाहत हिंडला. १८९३ च्या त्याच्या अहवालात इथल्या शेतकऱ्याविषयी तुच्छतेचा सूर नाही. उलट, इथला चांगला शेतकरी इंग्लंडातल्या सरासरी शेतकऱ्याच्या तोडीचा आहे, त्याला शिकवण्याआधी त्याच्याकडून शिका, असा त्याचा रोख आहे. शेण जाळावं लागतं ते अडाणीपणामुळे नव्हे, सरपण नाही म्हणून, हेही त्यानं ओळखलं. पुढं १९०९ मध्ये कोइमतूरला रॉथमस्टेडच्या धर्तीवर कायमचा खतप्रयोग सुरू झाला. आमच्या अकोल्याला काळ्या भारी जमिनीत ज्वारी आणि गहू यांवर असाच दीर्घ मुदतीचा प्रयोग १९८८ पासून सुरू झाला. नुसता युरिया देत राहिलं तर जमीन बसते, खतांच्या जोडीला शेणखत दिलं तर टिकते, हे आपल्या मातीनंही आपल्याच माणसांना दाखवून दिलं आहे.

आता बाटल्यांकडे येतो. लॉझ आणि गिल्बर्ट यांनी दर हंगामाला प्रत्येक पट्टीतले दाणे आणि काड थोडं थोडं बाजूला ठेवलं. मातीही ठेवली. काचेच्या बाटलीत भरायचं, बूच लावायचं, वर मेण आणि शिसं लावून बंद करायचं, चिठ्ठी चिकटवायची. त्यांच्यानंतर आलेल्यांनीही तेच केलं. दुसऱ्या महायुद्धात बाटल्या मिळेनात तर कॉफीच्या, काकवीसारख्या पाकाच्या, बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांत भरलं, पण खंड पडू दिला नाही. आज हे नमुने सुमारे तीन लाख आहेत.

भरणाऱ्याला यांचा उपयोग ठाऊक नव्हता, ही माझ्या मते यातली सगळ्यात मोठी गोष्ट. १८४४ च्या दाण्यांच्या बाटलीला बूच लावणाऱ्या माणसाला डीएनए हा शब्द माहीत असणं शक्य नव्हतं. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शास्त्रज्ञांनी या जुन्या गव्हातून पानांवर डाग पाडणाऱ्या दोन बुरशींचा डीएनए काढला, १८४४ पासून २००३ पर्यंतचा. कधी एका बुरशीचा जोर, कधी दुसरीचा. पावसाशी, उन्हाशी ताडून पाहिलं, पण हे लांब पल्ल्याचे चढउतार त्यानं उलगडेनात. जुळलं ते कोळशाच्या धुराशी. हवेत गंधकाचा धूर वाढला की एक बुरशी वरचढ, तो कमी झाला की दुसरी. गिरण्यांच्या धुराड्यांनी गव्हाचा रोग बदलला, हे त्या बाटल्या नसत्या तर कुणाला कळलं असतं?

त्याच धुराची दुसरी गंमत म्हणजे, इंग्लंडची हवा स्वच्छ झाल्यावर तिथल्या पिकांना गंधकाची चणचण भासू लागली. इतकी वर्षं पावसातून फुकट गंधक मिळत होतं. आता ते पोत्यातून विकत आणावं लागतं. वाळलेल्या गवताच्या नमुन्यांत तर, अमेरिकेनं १९५२-५३ च्या सुमारास नेवाडाच्या वाळवंटात केलेल्या अणुचाचण्यांतलं प्लुटोनियम सापडलं. बॉम्ब कुठं फुटला आणि त्याची राख कुठल्या कुरणावर उतरली!

पण आपल्याला सगळ्यात जवळचा आहे तो जस्ताचा शोध. माझी अम्मी शेवटपर्यंत म्हणायची, आताच्या गव्हात कस नाही, पूर्वीच्या एका पोळीत जे होतं ते आताच्या तीन पोळ्यांत नाही. तुमच्याही घरी कुणीतरी असं म्हणत असेल. त्यावर आपण दोनपैकी एक करतो. म्हाताऱ्या माणसाचं बोलणं म्हणून सोडून देतो, नाहीतर रासायनिक खतांनी जमिनी मारल्या असं म्हणून मोकळे होतो. रॉथमस्टेडच्या मंडळींनी १८४५ पासूनचे दाणे काढले आणि त्यांतलं जस्त, लोह, तांबं, मॅग्नेशियम मोजलं. २००८ मध्ये निष्कर्ष छापले. १८४५ पासून १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत या द्रव्यांचं प्रमाण जवळजवळ स्थिर आहे. त्यानंतर ते लक्षणीय उतरलं आहे.

म्हणजे अम्मीचं म्हणणं तिथल्या गव्हापुरतं तरी खरं ठरलं. पण कारण काय? माती रिती झाली म्हणावं, तर त्याच पट्ट्यांच्या मातीच्या बाटल्या शेजारीच होत्या. त्या तपासल्या. मातीतलं जस्त कमी झालेलं नव्हतं. खतांना दोष द्यावा, तर बिनखताच्या पट्टीतही उतार, शेणखताच्या पट्टीतही उतार. बदललं होतं बियाणं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ब्रॉडबॉकवर बुटक्या, भरघोस उताऱ्याच्या जाती आल्या. उंच धांडा जाऊन आखूड धांडा आला, झाडानं आपली ताकद दाण्यात पिठूळ सत्त्व भरण्याकडे लावली. दाणे वाढले, खनिजं त्या मानानं वाढली नाहीत. दुधात पाणी घालावं तसा हा प्रकार.

हरितक्रांतीच्या काळात आपल्याकडे मेक्सिकोहून आलेले गहूही बुटकेच होते. त्यांनी आपल्याला जगवलं, हे मी विसरत नाही. १९६५-६६ च्या दुष्काळातलं रेशनचं लाल मिलो ज्वारीचं पीठ आमच्या घरातल्या थोरांनी खाल्लं आहे. त्या गव्हाला नावं ठेवण्याचा मला अधिकार नाही. पण पोटभर खाऊनही शरीराला जस्त-लोह कमी पडतं, ही आज आपल्याकडची मोठी अडचण आहे. लहान मुलांची वाढ, जुलाबासारख्या आजारांशी झुंजण्याची ताकद, बाळंतिणीचं रक्त, सगळं या चिमूटभर धातूंवर अवलंबून असतं. दोष मातीत आहे असं समजून आपण नुसती माती दुरुस्त करत बसलो असतो. तो बियाण्यात आहे हे कळलं म्हणजे उपायही बियाण्यात शोधता येतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं काढलेला ‘एमएसीएस ४०२८’ हा बन्सी गहू त्याच वाटेवरचा आहे. त्यात दर दहा लाख भागांत जस्त ४०.३ आणि लोह ४६.१ भाग आहे, प्रथिनं १४.७ टक्के. (जाता जाता सांगतो, ही संस्था वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या नावाची, आणि ती ज्या रस्त्यावर आहे तो रस्ता ‘सुधारक’कार गोपाळ गणेश आगरकरांच्या नावाचा. एका ‘घ’ मुळे पोस्टमनची किती तारांबळ उडत असेल!)

आता भाच्याच्या पुस्तकाकडे वळतो. १९१९ साली रॉथमस्टेडच्या संचालकांपुढं प्रश्न होता की, पाऊणशे वर्षांच्या नोंदी साठल्या आहेत, त्यांतून काही अर्थ निघतो का ते कुणीतरी पाहावं. त्यासाठी त्यांनी रोनाल्ड फिशर नावाच्या तरुण गणितज्ञाला तात्पुरतं म्हणून घेतलं. तो १९३३ पर्यंत राहिला आणि जगाची प्रयोग करण्याची रीत बदलून गेला.

त्याचा मुद्दा शेतकऱ्याला लगेच कळेल. शेताचा एक कोपरा मुळातच कसदार असतो, एक चोपण असतो, एकाला बांधाची सावली. नवं बियाणं तुम्ही कसदार कोपऱ्यात पेरलं तर बियाणं जिंकलं की कोपरा जिंकला? फिशर म्हणाला, शेताचे छोटे छोटे वाफे करा, आणि कुठल्या वाफ्यात काय पेरायचं ते स्वतः ठरवू नका. चिठ्ठ्या टाका. एकच गोष्ट अनेक वाफ्यांत करून पाहा. मग फरक खरा की योगायोगाचा, ते गणितानं सांगता येतं.

चहाची गोष्टही इथलीच. म्युरिएल ब्रिस्टल या रॉथमस्टेडमधल्या शैवाळांच्या अभ्यासक. त्या म्हणाल्या, कपात दूध आधी घातलं की चहा आधी ओतला, हे मला चवीवरून कळतं. आपण ‘असेल बुवा’ म्हणून कप खाली ठेवला असता. तिथं आठ कप मांडण्यात आले, चार असे आणि चार तसे, क्रम चिठ्ठ्यांनी ठरवलेला. नुसत्या अंदाजानं आठही कप बरोबर ओळखण्याची शक्यता ७० मध्ये एक. १९३५ च्या पुस्तकात फिशरनं या प्रयोगावर एक अख्खं प्रकरण लिहिलं, पण बाईंचं नाव दिलं नाही आणि निकालही सांगितला नाही. कवीला हे आवडतं.

चहाच्या कपात जे झालं ते दवाखान्यात पोचायला वेळ लागला नाही. १९४८ मध्ये ब्रिटनमध्ये क्षयरोगावर स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी प्रसिद्ध झाली. औषध कुणाला मिळणार हे डॉक्टरांनी ठरवलं नव्हतं, बंद पाकिटातल्या चिठ्ठीनं ठरवलं होतं. त्यानंतर आजपर्यंत नवं औषध, नवी लस, अगदी करोनाचीसुद्धा, याच कसोटीतून जाते. गव्हाच्या वाफ्यातली रीत माणसाच्या खाटेपाशी आली. आणि याच फिशरनं १९५७-५८ मध्ये तंबाखू कंपन्यांचा सल्लागार असताना धूम्रपानानं फुप्फुसाचा कर्करोग होतो हे मान्य करायला नकार दिला. स्वतः पाइप ओढत असे. बुद्धिमान माणूस कुठं आंधळा होईल, सांगता येत नाही.

भारतात ही रीत आणणाऱ्यांत मराठी माणसं पुढं होती. कळमकर यांनी १९३० नंतरच्या वर्षांत रॉथमस्टेडला राहून गव्हाच्या उताऱ्याचे नमुने कसे घ्यावेत यावर काम केलं. विनायक गोविंद पानसे यांनी त्यांच्यासह १९४० च्या दशकात आपल्याकडच्या कापसाच्या उत्पन्नाचा अंदाज याच पद्धतीनं बांधला. पांडुरंग वासुदेव सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. लंडनला संख्याशास्त्र शिकून आले आणि पुढं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले. पानसे-सुखात्म्यांचं ते पुस्तक १९५४ चं.

त्याआधी पिकाचा अंदाज म्हणजे आणेवारी. पटवारी बांधावर उभा राहून म्हणणार, दहा आणे पीक आहे. त्या दहा आण्यांत त्याची नजर, पाटलाचा पाहुणचार आणि सरकारची मर्जी, सगळं मिसळलेलं. त्याऐवजी चिठ्ठीनं शेत निवडायचं, शेतातली जागाही चिठ्ठीनंच, ठरलेल्या मापाचा चौकोन आखायचा, तेवढंच पीक कापून मळून तोलायचं. हाच आपला पीक कापणी प्रयोग. विम्याच्या भरपाईचा हिशेब आजही मोठ्या प्रमाणावर या तोलावर बसतो. म्हणून सांगतो, तुमच्या मंडळात हा प्रयोग होईल तेव्हा हजर राहा आणि एकच प्रश्न विचारा, हे शेत कुणी निवडलं? यादीतला आकडा बाजूला ठेवून रस्त्याकडेचं सोयीचं शेत घेतलं, की फिशरचं सगळं गणित तिथंच संपलं. मग राहते ती पुन्हा आणेवारी, फक्त वजनकाट्यासकट.

शेवटचा धागा मच्छरदाणीचा. शेवंतीच्या कुळातलं एक पांढरं फूल असतं, पायरेथ्रम. त्याच्या भुकटीनं कीटक मरतात, माणसाला फारसा अपाय होत नाही. पण उन्हात त्याचा असर तासाभरात उतरतो. रॉथमस्टेडच्या मायकेल एलियट आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं खटपट करून फुलातल्या द्रव्यासारखीच, पण उन्हात टिकणारी द्रव्यं तयार केली. १९७३ मध्ये परमेथ्रिन, १९७४ मध्ये डेल्टामेथ्रिन, त्याच सुमारास सायपरमेथ्रिन. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत हिवतापाच्या कार्यक्रमात वाटलेल्या औषधभारित मच्छरदाण्या याच कुळातल्या द्रव्यांच्या. आफ्रिकेत २००० ते २०१५ या काळात हिवतापाची ६६ कोटींहून अधिक आजारपणं टळली आणि त्यांतली ६८ टक्के या मच्छरदाण्यांमुळे, असा अंदाज २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. एका प्रयोगशाळेच्या पदरात याहून मोठं पुण्य कोणतं पडायचं?

आणि तरी वऱ्हाडातल्या माणसाला सायपरमेथ्रिन म्हटलं की मच्छरदाणी आठवत नाही. त्याला आठवते पऱ्हाटी, पाठीवरचा पंप आणि मरेनाशी झालेली बोंडअळी. १९८० च्या दशकात ही औषधं कापसावर इतकी आणि अशी मारली गेली की, अळी त्यांना सरावली. फवारे वाढले, कर्ज वाढलं. आता डासही सरावत चालले आहेत. म्हणून २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं वेगळ्या जातीचं दुसरं औषध जोडीला असलेल्या मच्छरदाण्यांची शिफारस केली. शोध लावणाऱ्यानं डोस सांगितलेला असतो. विकणाऱ्याला तो वाढवायचा असतो. लॉझमध्ये ही दोन्ही माणसं एकत्र होती आणि तरी त्यानं बिनखताची पट्टी राखली. ते दुर्मीळच.

त्याच संस्थेत कीटक मोजणारीही माणसं आहेत. ४० फूट उंचीचे, हवा आत ओढणारे सापळे १९६४ पासून उभे आहेत. मावा किती उडतो आहे ते पाहून फवारणीची गरज आहे की नाही ते त्यावरून सांगतात. दिव्याचे सापळेही आहेत, पतंगांसाठी. रोज रात्री दिवा लागतो, सकाळी मोजणी होते. ३५ वर्षांच्या मोजणीनंतर २००६ मध्ये जाहीर झालं की, नेहमीच्या ३३७ जातींच्या मोठ्या पतंगांपैकी दोनतृतीयांश जाती घटल्या आहेत. दिव्यावर झेप घेणाऱ्या परवान्यावर उर्दूत इतकी शायरी झाली, मराठीतही झाली. पण ते परवाने किती उरले, हे मोजायची बुद्धी आम्हा शायरांपैकी कुणाला झाली नाही.

ब्रॉडबॉकच्या कडेला अर्ध्या एकराचा एक तुकडा आहे. १८८२ मध्ये तिथला गहू उभा होता, तो लॉझनं कापूच दिला नाही. दाणे तिथंच गळू दिले, नांगर घातला नाही, पेरलं नाही. गहू स्वतःच्या बळावर किती दिवस तगतो, ते त्याला पाहायचं होतं. पहिल्या वर्षी पीक बरं उगवलं. मग तणानं उचल खाल्ली. चार वर्षांनंतर त्या तुकड्यात शोधून शोधून थोडीशी ताटं सापडली, तीही इतकी खुरटलेली, की हा शेतातला गहू आहे हे ओळखणं कठीण जात होतं. त्यानंतर एकही नाही. त्या तुकड्याच्या एका भागातली झुडपं दर वर्षी उपटतात, एका भागात गवत राखतात. उरलेल्या भागाला कुणी हात लावत नाही. तिथं आता अ‍ॅश आणि सिकॅमोरची झाडं आहेत, आणि त्यांच्याखालच्या मातीचा नमुना अधूनमधून बाटलीत जातो.